पोक

मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की मराठी घरात तिला दोन सूचना मिळू लागतात, पुष्कळदा एकाच दिवशी आणि एकाच तोंडून. "ओढणी नीट घे" ही एक आणि "पोक काढून चालू नकोस" ही दुसरी. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, कारण ताठ चाललं की छाती पुढे येते आणि ओढणीने जे झाकायचं तेच उठून दिसतं. जिची छाती वर्गातल्या इतरजणींपेक्षा मोठी आहे ती मुलगी यातली पहिली सूचना निवडते. खांदे पुढे घेते, वह्या छातीशी धरून चालते, वर्गात बाकावर कोपरं टेकून पुढे झुकून बसते. मोठी झाल्यावर लोकलमध्ये सगळ्यांसारखी पिशवी पुढे घेते, पण गाडीतून उतरल्यावरही ती पाठीवर टाकत नाही. आठवीत लागलेली ही सवय चाळिशीत मानदुखी होऊन दवाखान्यात येते, आणि तिथे गोळ्या मिळतात, व्यायामाचा कागद मिळतो, पण हे पोक कधीपासूनचं, असं सहसा कुणी विचारत नाही.

या प्रकरणात तेच विचारायचं आहे. त्या वाकण्यात शरीराच्या वजनाचा वाटा किती, चुकीच्या कपड्याचा किती आणि दुसऱ्यांच्या नजरेचा किती, हे वेगळं करून पाहिलं तर त्यातलं बरंच काही त्या मुलीच्या खात्यावर उगाच मांडलेलं आहे असं दिसतं.

संस्कृत कवींना हे वाकणं फार आवडे. 'मेघदूता'तला यक्ष आपल्या पत्नीची खूण मेघाला सांगताना ती स्तनांच्या भाराने किंचित झुकलेली आहे, असं कौतुकाने सांगतो. तो ज्या रामगिरीवर शापाचे दिवस काढतो तो नागपूरजवळचा रामटेक, असं बरेच अभ्यासक मानतात. तिथे कालिदासाचं स्मारकही आहे. यक्षिणीची मान दुखत होती का, हे मात्र यक्षाने सांगितलेलं नाही. पाटण्याच्या दीदारगंजला १९१७ साली सापडलेली यक्षी घ्या, अजिंठ्याच्या भिंतींवरच्या राण्या आणि दासी घ्या, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी कोरलेली जोडपी घ्या. भरदार छाती तिथे ऐश्वर्याची, सुफलतेची खूण आहे. मोठी छाती ही आपल्या परंपरेत लपवायचीच गोष्ट होती, असं सांगणाऱ्यांनी एकदा अजिंठ्याची बस पकडावी. पण म्हणून जुना काळ बायकांना सोपा होता, असंही मला म्हणायचं नाही. कौतुक करणारा यक्ष आणि टोमणा मारणारा टवाळ, दोघेही पाहणारेच. यक्षीच्या मूर्तीला रोज सकाळी भरलेल्या एसटीने शाळेला जावं लागत नाही.

आता शरीराकडे येऊ. स्तनाला पेलून धरणारा स्नायू स्तनाच्या आत नसतो. आत दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, दुधाच्या नलिका असतात, त्यांच्याभोवती चरबी असते, आणि या सगळ्यातून त्वचेपर्यंत गेलेले तंतूंचे पातळ पदर असतात. इंग्लंडचे शल्यचिकित्सक सर ॲस्टली कूपर यांनी १८४० साली स्तनाच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांच्या नावाने हे तंतू ओळखले जातात. छातीचा मोठा स्नायू या सगळ्याच्या मागे, बरगड्यांना लागून असतो. त्यामुळे दंड-बैठका काढून स्तन लहान होत नाहीत आणि उचललेही जात नाहीत. मागचा स्नायू बळकट होतो इतकंच. वजन कमी केलं तर स्तनातली चरबी कमी होऊ शकते. मात्र कुणाच्या स्तनात चरबी जास्त, कुणाच्या ग्रंथी जास्त, त्यामुळे दहा किलो उतरवूनही एखादीचा आकार जवळपास तसाच राहतो. लहान करण्याची मलमं आणि तेलं विकणाऱ्यांना हे माहीत असतं की नाही, कोण जाणे.

वाढ साधारण आठ ते तेरा या वयात केव्हाही सुरू होते आणि पुढची तीन ते पाच वर्षं चालते. सुरुवात बहुधा एका बाजूने होते, आणि पुढेही दोन बाजू तंतोतंत सारख्या नसणं हेच सर्वसामान्य आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक या वाढीला चालना देतं, पण कुणाची वाढ कुठे थांबेल हे मुख्यतः आनुवंशिकतेवर आणि अंगावरच्या एकूण चरबीवर ठरतं. आत्या आणि आजी यांच्याकडे पाहिलं तर पुष्कळदा उत्तर मिळतं. बापाकडूनही हा वारसा येतो, हे लक्षात न घेता सगळे आईकडे पाहतात.

हे सांगायचं कारण असं की उफाड्याच्या मुलीबद्दल फार घाणेरडं बोललं जातं. कुणीतरी हात लावला असणार म्हणून छाती वाढली, अशी कुजबुज गावात होते तशी सोसायटीतही होते. स्पर्शाने स्तन वाढत नाहीत. 'तसले' सिनेमे पाहिल्याने वाढत नाहीत, पालथं झोपल्याने कमी होत नाहीत. दुधाचाही आकाराशी संबंध जोडला जातो. दूध ग्रंथींत तयार होतं, चरबीत नाही, त्यामुळे मोठ्या छातीच्या बाईला दूध जास्त येईल आणि लहान छातीवालीला पुरेसं येणार नाही, हे दोन्ही खोटं. लग्न जमवताना मात्र हेच गृहीत धरून नजरा फिरतात.

नजर हा या प्रकरणाचा सगळ्यात अवघड भाग.

अवघडलेल्या माणसाला मानसशास्त्र एक दिलासा नेहमी देतं: तुला वाटतं तितकं लोक तुझ्याकडे पाहत नाहीत. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग त्यासाठी सांगितला जातो. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, त्यांना ओशाळं वाटेल असा टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या निम्म्या जणांच्या तरी तो शर्ट लक्षात आला असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात चौथाई लोकांच्याच लक्षात आला होता. प्रयोग छान आहे आणि नाकावरच्या पुटकुळीला, चुकीच्या उच्चाराला, विसंगत मोज्यांना तो लागू पडतो. मोठ्या छातीच्या मुलीला हा दिलासा देताना मात्र माझी जीभ अडखळते. तिच्याकडे लोक खरोखरच पाहतात. बोलताना समोरच्याची नजर घसरते ते तिला दिसतं. गर्दीत कोपर लागतं ते चुकून लागलेलं नाही, हे तिला कळतं. "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं तिला सांगणं म्हणजे तिच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणं.

आणि अशा वेळी कापडाचा पातळ थर किती निर्णायक मानायचा, यावर तर न्यायालयात वाद झालेला आहे. नागपुरात एका बारा वर्षांच्या मुलीची छाती कपड्यांवरून दाबणाऱ्या माणसाचा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला. त्वचेचा त्वचेला स्पर्श झालेला नसल्यामुळे 'पोक्सो' कायद्याखालचा लैंगिक हल्ल्याचा गुन्हा होत नाही, असा निकाल जानेवारी २०२१ मध्ये लागला. त्यावर देशभर गदारोळ उठला, आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, मध्ये कापड होतं की नाही हे नाही, असं स्पष्ट केलं. वर्गातल्या शेरेबाजीसाठीही कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीला उद्देशून लैंगिक हेतूने केलेले शेरे आणि हावभाव 'पोक्सो'त बसतात, मोठ्या स्त्रीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं ७५ वं कलम लागू होतं. प्रत्येक टोमण्यावर पोलिसांत जावं असं कुणी म्हणणार नाही. पण मुख्याध्यापकांकडे तक्रार गेली की मुलीलाच "सैल गणवेश शिव" असा सल्ला देणारी शाळा नेमकी उलट्या बाजूला बोट दाखवत असते, एवढं पालकांना ठाऊक असावं.

नजर नुसती बाहेर राहत नाही, ती आत शिरते. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली याची मांडणी केली: सतत पाहिली जाणारी स्त्री हळूहळू स्वतःकडेही बाहेरूनच पाहू लागते. मी कशी दिसते आहे, याचा एक पहारा मनात चोवीस तास सुरू राहतो. पुढच्याच वर्षी त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आरशाच्या खोलीत एकट्याने पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालून पाहायचा आणि तोच अंगावर ठेवून गणितं सोडवायची. स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना कमी गुण पडले. मुलग्यांमध्ये असा फरक आढळला नाही. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. एका प्रयोगावर फार मोठी इमारत बांधू नये, पण शिक्षकांनी फळ्याजवळ बोलावल्यावर उत्तर येत असूनही न उठणारी मुलगी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. तिचं अर्धं लक्ष ओढणीच्या पिनेकडे असतं. मैत्रिणींच्या आधी, नऊ-दहाव्या वर्षीच वयात येणाऱ्या मुलींना हे जास्त जड जातं. लवकर वयात आलेल्या मुलींमध्ये निराशा आणि चिंता अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. शरीर चौदाचं दिसतं म्हणून लोक तिच्याशी चौदाची असल्यासारखं वागतात, आणि आत बसलेली असते चौथीतली पोर.

त्यात तिला सहानुभूतीही मिळत नाही. ४० देशांतल्या १८,५४१ स्त्रियांना आपल्या स्तनांच्या आकाराबद्दल विचारणारी एक पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. जवळपास निम्म्या जणींना आहेत त्यापेक्षा मोठे हवे होते, २३ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांना लहान हवे होते, आणि समाधानी होत्या फक्त तीसेक टक्के. म्हणजे जिला लहान हवेत ती अल्पमतात. तिने गाऱ्हाणं केलं की मैत्रीण म्हणते, "तुझं काय बाई, नशीबवान आहेस." जाहिराती आणि सिनेमे मैत्रिणीच्या बाजूने असतात. खांद्यावर रुतलेले वळ दाखवायची तर सोय नसते.

ते वळ कुठून येतात? इथे आपण दुकानात शिरू, कारण वजनाच्या खात्यावर घातलेला पुष्कळसा त्रास खरं तर कपड्याचा असतो.

ब्राच्या मापात दोन गोष्टी असतात. आकडा हा छातीखालच्या पट्ट्याचा, म्हणजे बरगड्यांच्या घेराचा असतो. अक्षर कपाचं असतं, आणि ते एकट्याने काहीच सांगत नाही. छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाचा घेर आणि पट्ट्याचा घेर यांत एक इंच फरक असेल तर ए, दोन इंच असेल तर बी, तीनला सी, चारला डी, असा साधारण हिशेब. त्यामुळे ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्हींच्या कपात मावणारा ऐवज जवळपास सारखाच असतो. 'डी' ऐकून डोळे विस्फारणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. अक्षरांची ही पद्धत अमेरिकेत १९३०च्या दशकात रूढ झाली.

आता समजा एका मुलीच्या बरगड्यांचा घेर ३२ इंच आहे आणि छातीचा ३८. तिला ३२ आकड्याचा आणि डीच्याही पुढचा कप हवा. तालुक्याच्या गावातल्या दुकानात काउंटरवर पुरुष असतो. खोक्यांवर बहुधा नुसते आकडे असतात, आतला कप एकच, बी. आई कुजबुजत "जरा मोठा द्या" म्हणते. दुकानदार नजरेने मोजून ३८ नंबर काढतो, कागदात गुंडाळून देतो, आणि घालून बघायचा प्रश्नच नसतो. घरी आल्यावर कप कसाबसा पुरतो, पण ३८चा पट्टा ३२च्या बरगड्यांवर टिकत नाही. तो पाठीवर वर सरकतो, म्हणून पुढची बाजू खाली येते. मग ती खांद्याचे पट्टे आवळते. आवळले की मागचा पट्टा आणखी वर चढतो. जो भार बरगड्यांभोवतीच्या पट्ट्याने घ्यायला हवा तो सगळा दोन बोटं रुंदीच्या खांदेपट्ट्यांवर लटकतो, खांद्यात खाच पडते, मान आखडते, आणि मुलगी पुढे वाकते. छाती बेढब दिसते ती तिच्या छातीमुळे, असं तिला वाटतं.

माप बरोबर आहे का, हे आरशासमोर दोन मिनिटांत कळतं. पट्टा पाठीवर आणि पुढे एकाच पातळीत आडवा बसायला हवा, त्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून जास्त नाही. दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकायला हवा. वरून किंवा काखेतून मांस बाहेर येत असेल तर कप लहान आहे. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बसायला हवी, कारण इलॅस्टिक पुढे ढिलं होणारच आणि तेव्हा आतले हुक उपयोगी पडतात. मोठे कप आता ऑनलाइन मिळतात, शहरांतल्या काही दुकानांत माप घेणाऱ्या बायकाही असतात. आपल्या पणज्यांची खणाची चोळी या बाबतीत शहाणी होती. ती अंगाच्या मापाने शिवलेली असे, आणि तिची गाठ छातीच्या खाली बसे. आधार खालून, आणि घट्ट किती करायचं ते जिचं तिच्या हातात. अंग भरलं की गाठ जरा सैल. कुणाला आकडा सांगावा लागत नसे.

आणखी एक लहानशी गोष्ट. धुतलेली ब्रा टॉवेलखाली लपवून सावलीत वाळत घालायची पद्धत अजून घरोघरी आहे. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ती धड वाळत नाही. मोठ्या स्तनांखालच्या घडीत आधीच घाम साठतो, त्यात ओलसर कापड. तिथे कातडी लाल होते, बुरशी धरते, खाज सुटते. उपाय साधा आहे: ती जागा पुसून कोरडी ठेवणं, सुती कापड, ब्रा उन्हात खडखडीत वाळवणं, आणि चट्टा आठवडाभरात गेला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणं. पावडरचे थर लावून महिनोन्महिने गप्प बसलेल्या बायका कमी नाहीत.

खेळाचं काय होतं ते इंग्लंडमध्ये मोजून पाहिलं गेलं आहे. पोर्ट्समथ विद्यापीठात स्तनांच्या हालचालीवर आणि आरोग्यावर संशोधन करणारा एक गट आहे. त्यांनी ११ ते १८ वयाच्या दोन हजारांहून अधिक मुलींना विचारलं, तेव्हा ४६ टक्के मुलींनी सांगितलं की स्तनांमुळे आपल्या खेळण्यावर किंवा व्यायामावर परिणाम होतो. धावताना स्तन नुसते वर-खाली होत नाहीत. पुढे-मागे आणि आडवेही हलतात, आणि त्यांचा मार्ग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होतो, हेही याच गटाने मोजलेलं. आतले तंतू ताणले जातात, दुखतं. आपल्याकडे अशी मुलगी पीटीच्या तासाला पोटात दुखतं म्हणून वर्गात बसते, आणि कबड्डीच्या संघातून कधी गळाली हे शिक्षकांच्या लक्षातही येत नाही.

खेळासाठीची ब्रा ही फार जुनी वस्तू नाही. १९७७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल ही तरुणी रोज धावायला जाऊ लागली आणि साध्या ब्राने हैराण झाली. नाटकांचे कपडे करणाऱ्या पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या दोघींबरोबर तिने बरेच प्रयोग केले. अखेर पुरुष खेळाडू घालतात ते दोन लंगोटवजा पट्टे एकमेकांना शिवून पहिला नमुना तयार झाला, आणि त्यातून 'जॉगब्रा'. पुरुषांची अडचण कधीच सुटलेली होती, तिचंच कापड फिरवून छातीला लावलं! २०२२ साली या तिघींचा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात समावेश झाला. मोठ्या छातीसाठी मात्र नुसती दाबून धरणारी बनियनसारखी ब्रा पुरत नाही. प्रत्येक बाजूला वेगळा कप असलेली, रुंद पट्ट्यांची लागते. ती महाग असते. पण बुटांवर खर्च करणाऱ्या घरात तिच्यावरही करता येईल.

एवढं सगळं करूनही काहीजणींचा त्रास उरतो, कारण त्यांच्या छातीचं वजन खरंच जास्त असतं. मान, खांदे, पाठ रोज दुखते, हाताला मुंग्या येतात, कातडी वारंवार खराब होते. अशांसाठी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि तिला नटवेपणा समजण्याचं कारण नाही. रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ साली, सतराव्या वर्षी ती करून घेतली. छातीच्या वजनामुळे चेंडूवर वेळेत पोचता येत नाही आणि पाठ दुखते, असं ती उघडपणे म्हणाली होती. खेळाडू नसते तरी हे केलं असतं, असंही. २०१७ मध्ये ती जगात पहिली आली, २०१८ मध्ये फ्रेंच ओपन आणि २०१९ मध्ये विम्बल्डन जिंकली. शस्त्रक्रियेमुळे जिंकली असं कुणी म्हणू नये, पण तो निर्णय तिचा होता आणि तिने तो लपवला नाही.

शस्त्रक्रियेत जादा ग्रंथी, चरबी आणि त्वचा काढून स्तनाग्र त्याच्या रक्तपुरवठ्यासह वर बसवतात. एकेका बाजूने अर्ध्या किलोहून अधिक ऊती निघणं ही नवलाची गोष्ट नाही. स्तनाग्राभोवती, तिथून खाली आणि स्तनाखालच्या घडीत व्रण राहतात. ते फिके होतात, जात नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजायला अडचण येऊ शकते, आणि गरोदरपणात किंवा वजन वाढल्यावर आकार पुन्हा बदलू शकतो. म्हणून वाढ थांबून आकार स्थिर होईपर्यंत, साधारण अठरा वर्षांपर्यंत, थांबायला सांगतात. पौगंडावस्थेत काही महिन्यांतच स्तन बेसुमार वाढत गेले तर तो वेगळा आजार असतो. तिथे वाट न पाहता डॉक्टर गाठावा, एका बाजूला गाठ लागली तरीही. प्लास्टिक सर्जनकडे जाताना या सगळ्याबद्दल विचारावं, आणि मुलगी सज्ञान असेल तर आईने किंवा नवऱ्याने खोलीबाहेर थांबावं.

विम्याचाही प्रश्न येतो. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया बसत नाही; वैद्यकीय गरज डॉक्टरने लेखी दाखवली तरच दावा पुढे सरकतो. त्यामुळे मानदुखीसाठी घेतलेल्या फिजिओथेरपीच्या पावत्या, त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, हाडांच्या डॉक्टरचा अहवाल, हे सगळं तारीखवार एका फायलीत लावत जावं, आणि दुखण्याचं कारण सांगताना डॉक्टरला 'खांदा दुखतो' एवढ्यावर न थांबता छातीच्या भाराने दुखतो हे स्पष्ट सांगून तसं केसपेपरवर लिहून घ्यावं.